विश्लेषण : गाभा नवा, प्रोग्राम जुने! वेल्ह्यातला संगणक बंद न पाडता कर्नलची चाचणी कशी घ्यायची?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि शाळा, झेरॉक्सची दुकाने, टायपिंग क्लास अशा ठिकाणच्या जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. त्यामुळे अनेकांनी लिनक्सची वाट धरली. मात्र लिनक्स टाकून काम संपत नाही. दोन-तीन वर्षांनी प्रश्न येतोच : सगळे प्रोग्राम नीट चालताहेत, त्यांना हात लावायचा नाही, पण खालचा कर्नल जुना झाला आहे. तेवढाच बदलला तर चालेल का? आणि बदलल्यावर यंत्र सुरूच झाले नाही तर?

पुणे शहरात या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पेन ड्राइव्ह घेऊन कोणीतरी अर्ध्या तासात पोहोचतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत तसे नाही. केळद किंवा पासलीसारख्या गावात संगणक अडला, तर जाणकार माणूस पुण्याहून किंवा नसरापूरहून निघणार, वेल्ह्यामार्गे घाटवाटेच्या तोंडाशी पोहोचणार, आणि हे जुलैत घडले तर रस्त्यावर दरड नाही ना, याची आधी चौकशी करणार. शिष्यवृत्तीचे किंवा परीक्षेचे अर्ज भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत असेल, तर एका न चाललेल्या ‘रीस्टार्ट’ची किंमत मुलांनी मोजायची. म्हणून कर्नल बदलण्यापेक्षा तो बदलण्याची चाचणी कशी घ्यायची, हे आधी समजून घ्यायला हवे.

कर्नल म्हणजे नेमके काय?

भोरकडच्या वाचकाला ट्रॅक्टरचे उदाहरण पटकन कळेल. ट्रॅक्टरचे इंजिन म्हणजे कर्नल. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप ही अवजारे म्हणजे आपण वापरतो ते प्रोग्राम : ब्राउझर, लेखा ठेवण्याचे सॉफ्टवेअर, मराठी टायपिंग, प्रिंटरची खिडकी. अवजार थेट इंजिनात हात घालत नाही. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा पीटीओ शाफ्ट असतो, त्याला ते जोडले जाते. या शाफ्टचा आकार आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग ठरलेला असल्यामुळे दहा वर्षे जुना रोटाव्हेटर नव्या ट्रॅक्टरला लावता येतो.

संगणकात पीटीओ शाफ्टचे काम ‘सिस्टीम कॉल’ करतात. फाइल उघड, एवढी मेमरी दे, नेटवर्कवरून हे पाठव, अशा विनंत्या प्रोग्राम ठरलेल्या क्रमांकांनी कर्नलकडे करतो. कर्नल आतून कसाही बदलो, हे क्रमांक आणि त्यांचा अर्थ बदलायचा नाही, असा लिनक्सचा शिरस्ता आहे. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स या बाबतीत कमालीचे कडक आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिडीओ विभागातील एका बदलामुळे आवाजाशी संबंधित प्रोग्राम बिघडले. चूक प्रोग्रामची आहे, असे त्या विभागाच्या देखभालकर्त्याने म्हणताच टोरवाल्ड्स यांनी त्याला जाहीरपणे झापले. त्यांचा मुद्दा साधा होता : कर्नलच्या बदलाने वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम बंद पडला, तर दोष कर्नलचा.

दिशेतला एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. नवा कर्नल आणि जुने प्रोग्राम ही जोडी बहुतेक वेळा जमते. जुना कर्नल आणि नवे प्रोग्राम ही उलटी जोडी धोक्याची. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्या ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीवर उभा असतो, ती स्वतःला लागणारा किमान कर्नल ठरवते. २०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून ती ३.२ पेक्षा जुन्या कर्नलवर चालायलाच नकार देते. कर्नल फार जुना आहे, एवढा एकच संदेश देऊन प्रोग्राम मरतो. तेव्हा बदल करायचाच, तर आधी गाभा आणि मग वरचा डोलारा, हा क्रम सुरक्षित.

जे चालते आहे ते बदलायचेच कशाला?

दोन कारणांसाठी. पहिले कारण सुरक्षेचे. ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेली त्रुटी कर्नलमध्ये २००७ पासून होती आणि ती २०१६ मध्ये दुरुस्त झाली. सामान्य वापरकर्त्याला यंत्राचा मालक बनवणारी ही फट नऊ वर्षे उघडी होती. अर्थात नवे म्हणजे निर्दोष असेही नाही. २०२२ मध्ये उघडकीस आलेली ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी ५.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासूनच्या कर्नलमध्येच होती; त्याहून जुना कर्नल वापरणारे तेवढ्यापुरते वाचले!

दुसरे कारण रोजच्या व्यवहारातले आहे आणि खेड्यापाड्यांत तेच जास्त वेळा समोर येते : नवे हार्डवेअर. समजा, वेल्हे तालुक्यातील एका शाळेत डेस्कटॉप संगणक आहेत आणि त्यावर डेबियन १२ आहे. इंटरनेट येते ते शिक्षकांच्या मोबाइल हॉटस्पॉटवरून. डेस्कटॉपला वायफाय नाही, म्हणून बाजारातून स्वस्तातला यूएसबी वायफाय डोंगल आणला. त्यात निघाली रिअलटेकची ८८२१सीयू चिप. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले ते ६.१ कर्नल घेऊन. आणि या चिपच्या यूएसबी प्रकाराला लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये जागा मिळाली ती ६.२ मध्ये. एका आवृत्तीने हुकले! डोंगल लावला तर दिवा लागत नाही आणि यादीत नेटवर्क दिसत नाही.

अशा वेळी दोन वाटा असतात. इंटरनेटवर कुणीतरी ठेवलेला सुटा ड्रायव्हर उतरवून तो बांधायचा, किंवा डेबियनच्याच ‘बॅकपोर्ट्स’ भांडारात डेबियन १२साठी उपलब्ध असलेला ६.१२ कर्नल घ्यायचा आणि बाकी सगळे जिथल्या तिथे ठेवायचे. उबुंटूमध्ये हीच सोय ‘हार्डवेअर एनेबलमेंट’ या नावाने आहे : २२.०४ ही आवृत्ती ५.१५ कर्नलसह आली, पण तीच आवृत्ती ठेवून ६.८ कर्नलपर्यंत जाता येते. प्रोग्राम २०२२ चेच राहतात, इंजिन तेवढे २०२४ चे.

या दोन वाटांपैकी दुसरीच शहाणपणाची आहे. सुटा ड्रायव्हर हा पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर पुन्हा बांधावा लागतो. कुठल्या तरी अद्ययावतनानंतर तो बांधला जात नाही आणि वायफाय जाते. वायफाय गेले की दुरुस्तीसाठी लागणारी फाइल उतरवायला इंटरनेटही नसते.

नियम एवढा कडक, मग मोडते कुठे?

मोडते ते बहुधा शिवणीवर. त्याची काही उदाहरणे मनोरंजक आहेत.

२०११ मध्ये लिनक्सचा क्रमांक २.६.३९ वरून थेट ३.० झाला. तांत्रिकदृष्ट्या त्यात मोठी क्रांती नव्हती. आकडे फार लांबले म्हणून क्रमांक बदलला, इतकेच. पण कित्येक प्रोग्रामांनी आवृत्तीचा क्रमांक ‘२.६’नेच सुरू होणार, असे गृहीत धरले होते. ३.० दिसताच ते गोंधळले. शेवटी कर्नलमध्येच एक सोय करावी लागली. विशिष्ट प्रोग्रामाला कर्नल आपली ओळख २.६.४० च्या घरातली म्हणून सांगतो, आणि तो प्रोग्राम समाधानाने कामाला लागतो. हे वाचून हसू येईल, पण आपल्याकडे फॉर्ममध्ये आडनावाची जागा रिकामी सोडली म्हणून अर्ज नाकारणारी संगणक प्रणाली याच जातीची असते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. फार पूर्वी वेळ विचारण्यासारखी छोटी कामे झटपट व्हावीत म्हणून कर्नलने मेमरीतील एका ठरावीक पत्त्यावर काही सूचना ठेवल्या होत्या. जागा कायमची ठरलेली असल्याने हल्लेखोरांनाही ती सोयीची पडू लागली. म्हणून नव्या कर्नलांमध्ये ती जागा बंद करण्याचा पर्याय आला आणि डेबियनसारख्या वितरणांनी तो स्वीकारला. त्याचा फटका बसला सेंटओएस ६च्या पिढीच्या प्रोग्रामांना. नव्या यंत्रावर सेंटओएस ६चा कंटेनर सुरू केला, की तो काहीही न सांगता १३९ हा संकेतांक देऊन बंद पडे. प्रोग्राम जुने, त्यात काही बदल नाही, चूक सापडेना. उपाय होता सुरुवातीच्या ओळीत ‘व्हीसिसकॉल=इम्युलेट’ एवढा एक शब्द घालण्याचा. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर मुकाट्याने मरत असेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त वेळा दिसतो आणि तो ड्रायव्हरांचा आहे. कर्नलने प्रोग्रामांना वचन दिले आहे, ड्रायव्हरांना नाही. ट्रॅक्टरच्याच भाषेत सांगायचे, तर पीटीओला जोडलेले अवजार नव्या ट्रॅक्टरला बसते. पण कुणी इंजिनाच्या धडालाच वेल्डिंग करून एखादा पंप बसवला असेल, तर ते नव्या इंजिनावर जमणार नाही. एनव्हिडियाची जुनी ग्राफिक्स कार्डे, ब्रॉडकॉमची काही वायफाय चिप, व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल ही अशी वेल्डिंगची कामे आहेत. कर्नल बदलला की ती पुन्हा बांधावी लागतात आणि कधी कधी बांधली जातच नाहीत. मग यंत्र सुरू होते, पण पडदा काळा!

आणि एक गोष्ट प्रोसेसरबद्दल. इंटेल ३८६ला लिनक्सने २०१३ मध्ये ३.८ कर्नलपासून निरोप दिला. डेबियन १३ने २०२५ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणे थांबवले. मात्र ६४-बिट प्रोसेसर असलेल्या यंत्रावर कुणीतरी अज्ञानाने ३२-बिट लिनक्स टाकून ठेवले असेल (असे बरेचदा असते), तर सगळे ३२-बिट प्रोग्राम तसेच ठेवून खाली ६४-बिट कर्नल चालवता येतो. जुन्या प्रोग्रामांना तो फरक सहसा कळतही नाही.

छोटे अद्ययावतन तरी बिनधोक ना?

डिसेंबर २०२३ मधला डेबियनचा अनुभव यासाठी आठवून पाहण्यासारखा आहे. डेबियन १२.३ प्रसिद्ध होणार होते. त्यात ६.१.६४ हा कर्नल होता, म्हणजे ६.१ या स्थिर मालिकेतलेच नेहमीचे किरकोळ अद्ययावतन. ऐन वेळी लक्षात आले, की ‘एक्स्ट४’ या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या फाइल प्रणालीवर त्यामुळे विशिष्ट परिस्थितीत माहिती खराब होऊ शकते. कारण असे, की नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्या मालिकेत आणताना ती ज्या आधीच्या बदलावर अवलंबून होती, तो बदल आणायचा राहून गेला. ९ डिसेंबरला १२.३ चे वितरण रोखण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ प्रसिद्ध झाले. १२.३ च्या इन्स्टॉलेशन प्रती निघाल्याच नाहीत.

म्हणजे ‘मोठी उडी धोक्याची, छोटे पाऊल सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. विंडोजच्या जगातले उदाहरण तर सर्वांनी पाहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने कर्नलच्या पातळीवर चालणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी माहिती-फाइल जगभर एकदम पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची वेळ आली. त्यातले बरेचसे संगणक कुणीतरी प्रत्यक्ष समोर जाऊन, एकेक करून सुरू करावे लागले. विमानतळावर निदान माणूस हजर होता.

चाचणी कुठून सुरू करायची?

सुरुवात खऱ्या यंत्रापासून दूर करायची. वेल्ह्यातल्या त्या काल्पनिक शाळेतील यंत्राच्या डिस्कची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि ती पुण्यातल्या किंवा भोरमधल्या बऱ्यापैकी संगणकावर आणायची. तिथे दोन प्रकारे खेळता येते.

पहिला प्रकार आभासी यंत्राचा. ‘क्यूईएमयू’ हा मोफत प्रोग्राम संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतो. डिस्कची प्रत त्याला द्यायची आणि कर्नल मात्र बाहेरून, नवा, वेगळ्या फाइलमधून द्यायचा. म्हणजे प्रतीत नवा कर्नल बसवण्याचीही गरज नाही; फक्त त्या कर्नलची मॉड्यूल आणि सुरुवातीची ‘इनिटरॅमएफएस’ फाइल जुळती हवी. त्यातच ‘स्नॅपशॉट’चा पर्याय लावला, की चाचणीत डिस्कवर जे काही लिहिले जाईल ते तात्पुरत्या जागी जाते आणि यंत्र बंद करताच पुसले जाते. दहा वेळा बिघडवा, अकराव्या वेळी डिस्क पहिल्यासारखीच.

दुसरा प्रकार कमी वापरला जातो, पण ‘नवा कर्नल, जुने प्रोग्राम’ या प्रश्नासाठी तो नेमका बसतो. ज्या संगणकावर आधीच नवा कर्नल चालू आहे, त्यावर जुन्या यंत्राचे सगळे फोल्डर एका जागी उतरवायचे आणि ‘सिस्टमडी-एनस्पॉन’ किंवा ‘क्रूट’ने त्या फोल्डरलाच मूळ मानून आत शिरायचे. आतल्या प्रोग्रामांना वाटते आपण आपल्या जुन्या घरातच आहोत. खालची जमीन मात्र नव्या कर्नलची. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमानाचाच वापरतो, या गोष्टीचा हा सरळ फायदा. हिशेबाचा जुना प्रोग्राम, डेटाबेस, शाळेने कधीकाळी करून घेतलेले गुणपत्रकाचे सॉफ्टवेअर हे सगळे इथे चालवून पाहता येते. मघाचा सेंटओएस ६चा मुकाट मृत्यू असाच कंटेनरमध्ये सापडला होता. एक अपवाद : खूप जुन्या वितरणाची पूर्ण सुरुवात, म्हणजे सिस्टमडीसकट, कंटेनरमध्ये करायला गेले तर ती अडू शकते, कारण नव्या यजमानांवर प्रक्रियांची गटवारी करणारी ‘सीग्रुप’ यंत्रणा दुसऱ्या पिढीची असते आणि सेंटओएस ७च्या काळातल्या सिस्टमडीला ती उमगत नाही. तो दोष कर्नलचा समजून निष्कर्ष काढू नये.

या दोन्ही चाचण्यांना एक मर्यादा आहे आणि ती ठसठशीत आहे. आभासी यंत्रात खरा प्रिंटर नसतो, तो रिअलटेकचा डोंगल नसतो, दहा वर्षांपूर्वीचे ग्राफिक्स कार्ड नसते. इथे उत्तीर्ण होणे म्हणजे प्रोग्राम ठीक. हार्डवेअरचा निकाल अजून लागायचा आहे.

खऱ्या यंत्रावर नवा कर्नल कसा उतरवायचा?

जुना काढायचा नाही, हा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम. लिनक्समध्ये दोन-तीन कर्नल शेजारी शेजारी नांदू शकतात आणि सुरू होताना ‘ग्रब’ नावाची यादी त्यातला एक निवडू देते. नवा कर्नल बसवला, की बहुतेक वितरणे त्यालाच आपोआप पहिला क्रमांक देतात. नेमकी तीच गोष्ट चाचणीच्या काळात नको.

त्याऐवजी ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट’च्या जागी ‘सेव्ह्ड’ लिहायचे, जुना कर्नल कायमचा म्हणून नोंदवायचा आणि ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेने नव्या कर्नलला फक्त पुढच्या एका सुरुवातीपुरती संधी द्यायची. सोबत कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=३०’ घालायचे. मग नवा कर्नल सुरू होताना कोसळला, तर तो ३० सेकंद थांबून स्वतःच यंत्र रीस्टार्ट करतो आणि संधी संपलेली असल्याने जुना कर्नल वर येतो. शिक्षकाने संगणक सुरू करून चहा प्यायला जावे, परत येईपर्यंत यंत्र जुन्या रूपात हजर.

या योजनेला दोन भोके आहेत. कर्नल कोसळण्याऐवजी नुसताच गोठला, तर तो पॅनिकपर्यंत पोहोचतच नाही. तिथे हार्डवेअर वॉचडॉग किंवा पॉवरचे बटण दाबणारा माणूस हवा. आणि ‘संधी संपली’ ही नोंद ग्रबला डिस्कवर लिहावी लागते. बूटची जागा एलव्हीएमसारख्या रचनेवर असेल तर ग्रब ती वाचू शकतो, लिहू शकत नाही. मग तोच बिघडलेला कर्नल पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. हे घरी, आभासी यंत्रातच एकदा मुद्दाम बिघडवून तपासता येते. कोसळणारा कर्नल तयार करणे अवघड नाही : मूळ डिस्कचा पत्ता चुकीचा लिहिला की तो मूळ फाइल प्रणाली सापडत नाही म्हणून थांबतो. नेहमीची इनिटरॅमएफएस अशा वेळी परिस्थिती स्वतःच हाताळते आणि कर्नल पॅनिकपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती न देता हा प्रयोग करावा. नाहीतर पॅनिकची परीक्षा होणारच नाही.

विजेचे काय?

हा प्रश्न पुस्तकांत नसतो, भोर-वेल्ह्यात असतो. कर्नल बसवताना शेवटच्या टप्प्यात इनिटरॅमएफएस बांधली जाते आणि जुन्या यंत्रावर त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. त्या वेळी लाइट गेली तर अर्धवट फाइल तयार होते. जुना कर्नल शाबूत असेल तर नुकसान काही नाही, पण बूटची जागा भरलेली असल्यामुळे आधीच जुना काढून टाकला असेल तर यंत्र अडलेच. म्हणून आधी बूटची जागा मोजावी. कमी असेल तर दोनपेक्षा जास्त जुने असलेले कर्नल काढावेत, चालू असलेला कधीच नाही. यूपीएस नसेल तर पावसाळ्यातली संध्याकाळ या कामाची नव्हे.

कर्नल वितरणाच्या भांडारातलाच घ्यावा, हेही विजेइतकेच व्यावहारिक आहे. स्वतः बांधलेला किंवा कुठून तरी उतरवलेला कर्नल सही केलेला नसतो, आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असलेले यंत्र तो सुरूच करत नाही.

पास झाला, हे कधी म्हणायचे?

पडदा दिसला म्हणजे पास, असे नाही. आधी जुन्या कर्नलवर यंत्र सुरू करून ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवाव्यात, मग नव्यावर तेच करावे आणि दोन्ही फाइल शेजारी ठेवून वाचाव्यात. जुन्यात नसलेली, लाल रंगातली एखादी ओळ नव्यात असेल तर ती शोधावी. प्रत्येक लाल ओळ संकट नसते. दोन्हीकडे सारखीच असलेली तक्रार सोडून द्यायला हरकत नाही.

मग रोजची कामे. प्रिंट निघते का, आणि झोपवलेला संगणक उठल्यावरही निघते का? जुन्या पिढीतल्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइल उघडतात का? महाराष्ट्रात सी-डॅकच्या आयएसएममध्ये किंवा श्रीलिपीत टाइप केलेला प्रचंड मजकूर अजून पडून आहे आणि तो वाचण्यासाठी लिनक्सवर विंडोजचा जुना प्रोग्राम ‘वाइन’मधून चालवणारेही आहेत. कर्नल बदलाने फॉन्ट बदलत नाहीत. पण वाइन, विशेषतः ३२-बिट प्रोग्राम चालवताना, कर्नलच्या फारशा न वापरल्या जाणाऱ्या वाटांनी जाते. म्हणून ते आवर्जून तपासावे. १६-बिट काळातला प्रोग्राम असेल तर आधी तपासावे.

भारही द्यावा लागतो. मोठी फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन परत आणायची आणि दोन्हींचा चेकसम जुळतो का ते पाहायचे. डिसेंबर २०२३ च्या प्रकारानंतर हे पाच मिनिटांचे काम कुणी टाळू नये. डोंगलवरून तासभर व्हिडीओ चालवायचा. आधी सुटा ड्रायव्हर टाकून पाहिला असेल, तर तो आता काढलाच पाहिजे, कारण एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले की वायफाय कधी लागते, कधी नाही, आणि दोष मात्र नव्या कर्नलवर येतो.

चाचणीच्या काळात नव्या साधनांनी डिस्क फॉरमॅट करू नये, ही सूचना थोडी आडवाटेची वाटेल. एक्स्ट४ तयार करणाऱ्या साधनांच्या २०२३ च्या १.४७ आवृत्तीपासून काही नवी वैशिष्ट्ये आपोआप चालू होतात आणि त्याआधीची दुरुस्ती साधने अशी डिस्क तपासायला नकार देतात. पुढे जाणे सोपे, मागे फिरणे कठीण होते.

एका यंत्रावर आठवडाभर सगळे ठीक चालले की मग दुसऱ्यावर जायचे. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांवर एकाच दिवशी नाही. निदान एक यंत्र सत्र संपेपर्यंत जुन्याच कर्नलवर राहू द्यावे. अर्ज भरायला ते कामी येईल.

फोनमध्येही हेच चालते का?

हो, आणि कोट्यवधी लोक नकळत त्याचे लाभार्थी आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. पूर्वी प्रत्येक चिप कंपनी कर्नलमध्ये आपापली वेल्डिंगे करत असे, त्यामुळे फोन ज्या कर्नलवर विकला त्यावरच म्हातारा होई. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून गुगलने कंपनीचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यात ठरलेली सीमा आखली. अँड्रॉइड १२च्या सुमारास ५.१० कर्नलपासून सर्वांसाठी एकच गाभा आणि कंपन्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये, अशी रचना आली. त्याहीपुढे, अनेक फोनांत आता डिस्कची दोन घरे असतात. नवी प्रणाली रिकाम्या घरात उतरते, सुरू होऊन पाहते, जमले नाही तर फोन मुकाट्याने जुन्या घरात परततो. वेल्ह्यातल्या डेस्कटॉपवर ग्रबने हाताने केले, तेच.

कर्नल पक्का झाला तरी...

नवा कर्नल कायमचा म्हणून नोंदवल्यावरही जुना लगेच काढू नये. स्वच्छता करणारी ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा तो काढू पाहते, म्हणून त्याचे पॅकेज ‘होल्ड’वर ठेवावे. पहिला जोरदार पाऊस, दोन-चार वेळा अचानक गेलेली वीज आणि एक मोठे अद्ययावतन त्याने पाहिले, की मग बघता येईल.

आणि मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवावा. त्यावर दोन्ही कर्नलचे क्रमांक, बदल केल्याची तारीख आणि मराठीत एवढेच : संगणक सुरू होत नसेल तर बटण दाबून बंद करा, पुन्हा सुरू करताना शिफ्ट दाबून धरा, तरी यादी दिसली नाही तर पुन्हा सुरू करून लगेच एस्केप एकदा दाबा. यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा आणि त्यातली ६.१ ने सुरू होणारी, ‘रिकव्हरी’ शब्द नसलेली ओळ घ्या. केळदला मोबाइलची रेंज असेलच असे नाही. असलीच, तरी फोनवरून ‘सर, वरून तिसरी ओळ, नाही, त्याच्या खालची’ असे सांगण्यापेक्षा कागद बरा पडतो.